स्क्रीनच्या उजवीकडे

नवं ग्राफिक्स कार्ड घरी आलं त्या दिवशी भिंगरीला सगळ्यांत जास्त आवडला तो त्याचा खोका. मी कार्ड बाहेर काढून टेबलावर ठेवेपर्यंत ती त्यात एक पाय घालून उभी होती आणि दुसरा कसा घालायचा याचा विचार करत होती. तिचं खरं नाव कागदोपत्री आहे, घरात कुणी वापरत नाही. चालायला लागली तेव्हापासून ती एका जागी कधी ठरलीच नाही. दोन्ही हात पसरून स्वतःभोवती फिरायचं, धपकन पडायचं, हसायचं आणि पुन्हा उठायचं. म्हणून भिंगरी. दोन वर्षांची व्हायची होती अजून.

माझं काम घरांची चित्रं करण्याचं. न बांधलेल्या घरांची. आर्किटेक्टच्या ऑफिसातून नकाशे येतात, मी त्यांतून खोली उभी करते, सोफा ठेवते, पडदे लावते, खिडकीतून सकाळ आत सोडते. ते चित्र बघून माणसं ठरवतात की हे घर आपलं. उजेड कुठून येतो, कुठल्या वेळी कसा पडतो, कशावर आपटून परततो, हे नीट जमलं की अर्धं काम झालं. भिंगरीच्या जन्मानंतर ऑफिसने मला घरून काम करू दिलं, पण त्यांचं सॉफ्टवेअर बदललं आणि आमच्या जुन्या डेस्कटॉपने हात वर केले. एक खोली उघडायला तो इतका वेळ घ्यायचा की तेवढ्यात भिंगरी झोपून जागी व्हायची. मला मिळायची ती तिच्या दुपारच्या झोपेची वेळ. त्यात जेवढं बसेल तेवढं माझं. ऑफिसातल्या बाई चांगल्या होत्या, पण "बघा, जमतंय का" हे वाक्य त्या अलीकडे जरा लांबवून म्हणायला लागल्या होत्या.

भिंगरीचा बाबा पुलाच्या कामावर लांब असतो, अधूनमधून येतो. चित्रं झटपट उभी करणारं हे कार्ड त्यानेच मागवलं होतं, आणि बसवायला धाकट्या भावाला पाठवलं होतं. भाऊजींना अशा कामांची हौस. त्यांनी कॅबिनेटचं झाकण काढलं आणि आत डोकावून म्हणाले, "वहिनी, ही धूळ आहे की गोधडी?"

"तुमच्या दादाचं आहे ते. लग्नाआधीचं."

"मग धूळसुद्धा लग्नाआधीचीच असणार. जपून काढतो. आठवणी असतात लोकांच्या."

कार्ड लांबलचक होतं आणि आत शिरायला तयार नव्हतं. हार्ड डिस्क सरकवावी लागली, वायरी बाजूला बांधाव्या लागल्या. बसल्यावर ते आपल्याच वजनाने खाली झुकू लागलं, तेव्हा भाऊजींनी भिंगरीचा एक लाकडी ठोकळा टेकू म्हणून खाली सारला. तिने तो काढायला दोनदा हात घातला आणि दोनदा बोलणी खाल्ली. मग त्यांनी बटण दाबलं. पंखे फिरले. स्क्रीन काळाच.

त्यांनी कार्ड काढून पुन्हा बसवलं. पॉवरची वायर बघितली. मेमरीच्या पट्ट्या दाबल्या. काही नाही. मी टेबलामागे वाकून पाहिलं.

"भाऊजी, मॉनिटरची वायर कुठे लावलीय?"

"जिथे होती तिथेच."

"म्हणजे जुन्या जागी. नवं कार्ड कशाला बसवलं मग?"

ते स्वतःच्या कपाळावर हात मारून घेऊन म्हणाले, "हे दादाला सांगायचं नाही हं." आमचा मॉनिटरही जुना, त्याच्या वायरीचं रुंद निळं टोक नव्या कार्डात बसत नव्हतं. त्यांच्या बॅगेत एक छोटा अडॅप्टर होता. तो मधे लावला, आणि चित्र आलं.

चित्र म्हणजे वॉलपेपर. या खोलीतल्या खिडकीपाशी निळ्या स्टुलावर बसलेली भिंगरी, एका पायात मोजा, दुसरा कुठेतरी हरवलेला. मी काढलेला फोटो, सकाळचा, बघणाऱ्याकडे थेट रोखलेले डोळे. पण त्याच्यावर नेहमीच्या फायली नव्हत्या, आणि माउसचा बाणही नव्हता. भाऊजी माउस ओढत राहिले. बऱ्याच वेळाने उजव्या कडेतून बाण आत आला.

"आला," भिंगरी म्हणाली.

"समजलं," भाऊजी म्हणाले. "याला वाटतंय आपल्याकडे दोन स्क्रीन आहेत. फायली तिकडे टाकल्यात याने." सेटिंगमध्ये दोन करड्या चौकटी शेजारी शेजारी होत्या. डावीवर एक, उजवीवर दोन.

"आपल्याकडे तर एकच आहे."

"आपल्याकडे एक. त्याच्याकडे दोन. जुन्या मशीनला नवं कार्ड लावलं की गोंधळ होतो कधीकधी, अडॅप्टरमुळेही होतो." त्यांनी दोन नंबर बंद केला. फायली इकडे आल्या. मी एक खोली उघडून बघितली, पापणी लवते न लवते तोच सोफ्यासकट समोर उभी. मला खरंच रडू यायचं बाकी होतं. भाऊजी चहा पिऊन गेले.

दुसऱ्या दुपारी मशीन सुरू केलं तर दोन नंबर पुन्हा होता.

माझं टेबल खोलीच्या कोपऱ्याजवळ आहे. मॉनिटरच्या उजवीकडे हातभर मोकळी जागा, मग कोरी भिंत, आणि भिंतीलगत जमिनीवर भिंगरीची गादी. दुसरा स्क्रीन असलाच तर त्या मोकळ्या जागेत. सुरुवातीला फक्त वैताग होता. प्रोग्रॅमची एखादी खिडकी उघडावी तर ती तिकडे उघडायची, आवाज यायचा पण दिसायची नाही. बाण कडेपाशी नेला की थांबायचा नाही, सरळ निघून जायचा. कीबोर्डवरून खिडक्या इकडे ओढून आणायची युक्ती मी शिकले. दोन नंबर रोज बंद करायची, तो रोज परत यायचा. नळ गळतो म्हणून आपण स्वयंपाक थांबवतो का? तसं चाललं होतं.

एका दुपारी भिंगरी झोपेना. मी तिला मांडीवर घेऊन काम करत होते. ती बाणाकडे बघत होती, लहान मुलं माशीकडे बघतात तशी. बाण उजव्या कडेवरून पलीकडे गेला. तिची नजर थांबली नाही. ती तशीच पुढे गेली, हवेतून, भिंतीपर्यंत, आणि तिथे स्थिरावली.

मी माउस थांबवला होता म्हणून.

मी तो वर ढकलला. स्क्रीनवर काहीच नव्हतं. तिची नजर भिंतीवर वर चढली. मी खाली आणला, ती खाली आली. मी गोल फिरवला. तिची मान गोल फिरली, आणि ती खिदळली.

मीही हसले. मग मी माउसवरून हात काढून घेतला. तिची नजर मात्र अजून हळूहळू सरकत होती.

मी भाऊजींना फोन केला. ही गोष्ट सांगितली नाही, काय सांगणार? फक्त दोन नंबरचं सांगितलं. त्यांनी फोनवरून ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारा प्रोग्रॅम, काढायला लावला, पुन्हा घालायला लावला. मग येऊन अडॅप्टर बदलला, वायर बदलली. शेवटी म्हणाले, "आता असं झालं की स्क्रीनशॉट काढून पाठवा, मी ऑफिसात कुणाला तरी दाखवतो."

मी पाठवला. थोड्या वेळाने त्यांचा फोन आला.

"वहिनी, दुसऱ्या स्क्रीनला वेगळा फोटो लावलाय का तुम्ही?"

"नाही. का?"

"आहे भिंगरीचाच. पण यात ती इकडे बघतेय."

मला सुचलंच नव्हतं. स्क्रीनशॉट काढला की मशीनला जेवढे स्क्रीन वाटतात तेवढे सगळे त्यात येतात. मी तो उघडला. दुप्पट रुंद चित्र. डाव्या अर्ध्यात माझ्या खिडक्या, त्यांच्यामागे स्टुलावर बसलेली भिंगरी, समोर बघणारी. उजव्या अर्ध्यात तीच खिडकी, तेच निळं स्टूल, तोच एक मोजा. पण मान वळलेली. ती डाव्या अर्ध्याकडे बघत होती. माझ्या बाजूकडे.

"पाठोपाठ काढलेल्यातला पुढचा असेल," भाऊजी म्हणाले.

असेल. फक्त मी तेव्हा एकच फोटो काढला होता. आणि दुसरी एक गोष्ट होती, ती भाऊजींच्या लक्षात येण्यासारखी नव्हती. सकाळी त्या खिडकीतून ऊन सरळ आत येतं आणि फरशीवर पट्टा पडतो. डाव्या अर्ध्यात तो होता. उजव्या अर्ध्यात फरशीवर ऊन नव्हतं. समोरच्या इमारतीच्या भिंतीवरून परतलेला, जरा पिवळट, सावल्या पुसून टाकणारा उजेड होता. हा उजेड मी कामासाठी कितीदा तरी बनवला आहे. मी मान वर करून खऱ्या खिडकीकडे पाहिलं. दुपार होती. तोच उजेड.

त्यानंतर मी रोज स्क्रीनशॉट काढू लागले. नको वाटायचं, पण हात आपोआप त्या बटणाकडे जायचा. उजवीकडची भिंगरी स्टुलावरून उतरली. एका चित्रात तिच्या हातात मोजा होता. एकात ती हसत होती, सगळे दात दिसत होते. एकात तिचे केस विस्कटलेले, हात दोन्ही बाजूंना पसरलेले आणि चेहरा पुसट, चेहरा हलला की फोटोत होतो तसा. फिरत होती ती.

आणि माझी भिंगरी थांबली.

असं एकदम नाही झालं, नाहीतर मी आरडाओरडा केला असता. आधी फिरणं कमी झालं. मग ती गादीवर जास्त वेळ बसू लागली. मग भिंतीकडे तोंड करून बसू लागली, दोन्ही हात मांडीत, एखाद्या म्हाताऱ्या बाईसारखी. बोलावलं की बघायची, पण जरा उशिरा. तिला जवळ घेतलं तर येऊन बिलगायची, आणि माझ्या खांद्यावरून मागे, त्या जागेकडे बघत राहायची. मी तिला गोष्टी सांगितल्या, तोंडं वेडीवाकडी करून दाखवली, तिच्यासमोर मीच हात पसरून गरगर फिरले आणि कपाटावर आपटले. ती माझ्याकडे बघून हलकंसं हसली. माझं मन राखायला हसल्यासारखी.

डॉक्टरबाईंनी कान पाहिले, डोळे पाहिले, वजन केलं, हाक मारली, खुळखुळा वाजवला. सगळं ठीक.

"मूल शांत झालं म्हणून तक्रार घेऊन आलेली आई मी पहिल्यांदाच बघतेय," त्या म्हणाल्या. "जेवतेय, झोपतेय, बोलतेय. तुम्हीच जरा झोपा."

रात्री बाबाचा फोन आला तेव्हा मी त्याला सगळं सांगितलं. 

"अगं, कॉम्प्युटर आहे तो," तो म्हणाला. "नको वाटत असेल तर बंद करून ठेव. तुझ्या नोकरीचं बघू आपण काहीतरी."

भाऊजी सुट्टीच्या दिवशी आले. मी म्हणाले, ते कार्ड आधी काढा. त्यांनी काढलं. ठोकळाही काढून भिंगरीसमोर ठेवला, तिने हात लावला नाही. मॉनिटरची वायर परत जुन्या जागी गेली. जुन्या मदरबोर्डला स्क्रीनची वायर लावायला एकच जागा होती, तिच्यात ती एकच वायर. भाऊजींनी मशीन सुरू केलं, सेटिंग उघडली.

एक. दोन.

त्यांनी मशीनच्या मागे हात घालून वायर चाचपून बघितली. मी त्यांच्या विनोदाची वाट बघत होते.

"वहिनी," ते म्हणाले, "आता दुसरं काही लागूच शकत नाही याला. जागाच नाहीये."

त्यांनी कार्ड पुन्हा बसवून दिलं, निदान कामाचा खोळंबा नको म्हणून. चहाला थांबले नाहीत.

ते गेल्यावर मी प्लग उपटला आणि मॉनिटरवर चादर टाकली. काही दिवस तसंच ठेवलं. ऑफिसातल्या बाईंना मला ताप आलाय असं कळवलं. भिंगरी गादीवर बसून त्याच जागेकडे बघत राहिली. चादरीकडे नाही, चादरीच्या उजवीकडे. फरक इतकाच झाला की ती काय बघतेय ते आता मला दिसत नव्हतं. ते जास्त भयंकर होतं. मी चादर काढली, आणि मशीन सुरू केलं.

याच दिवसांत ती 'येते' म्हणायला शिकली होती. कुणाकडून निघताना जाते म्हणायचं नाही, येते म्हणायचं, हे मला आईने शिकवलं, तसंच मी तिला. शेजारच्या काकूंच्या दारातून निघताना ती हात हलवून म्हणायची, "येते." काकू म्हणायच्या, "ये हं, बाळा." आपला निरोप असाच असतो. जाणारा म्हणतो येतो, राहणारा म्हणतो ये. जातं कुणीच नाही. इतकी शांत झालेली पोर एवढा एक शब्द मात्र स्पष्ट म्हणायची, आणि मला तेवढाच आधार होता. मी तिला मुद्दाम काकूंकडे नेऊन आणायची, तो शब्द ऐकण्यासाठी.

त्या दुपारी ती लवकर झोपली. काम तुंबलं होतं, एक दिवाणखाना त्याच दिवशी द्यायचा होता. त्यातल्या सोफ्याखालची सावली काही केल्या जमत नव्हती, सोफा तरंगल्यासारखा दिसत होता. स्क्रीनशॉट काढायचं मी त्या दिवशी विसरले. मान खाली, डोळे सावलीवर. मागे फरशीवर पावलं वाजली. उठली वाटतं, असं मनात आलं.

"आई."

"हं."

"येते."

"ये हं, बाळा," मी म्हणाले. सावली जरा गडद केली.

मग माझा हात थांबला.

खोलीत पंख्याचा आवाज होता. मशीनचा आवाज होता. पावलांचा नव्हता.

घरातल्या घरात कुठे निघाली होती ती?

मला मान वळवता येईना. खरं सांगते. मी समोर बघत बसले आणि तो आवाज मनात पुन्हा ऐकू लागले, तो गादीकडून आला की टेबलाच्या उजवीकडून. निघणारीही येते म्हणते. येणारीही येतेच म्हणते. दोघींनाही मी ये म्हणाले होते.

मी वळले.

ती टेबलाच्या कडेला उभी होती, माझ्या अगदी जवळ. केस झोपेतून उठल्यासारखे विस्कटलेले. एका पायात मोजा. तिने माझ्याकडे पाहिलं, उशीर न लावता, लगेच. हसली. सगळे दात दिसले. मग दोन्ही हात पसरले आणि ती स्वतःभोवती फिरू लागली. फिरली, फिरली, धपकन पडली, आणि खळखळून हसली.

मी तिला उचलून घट्ट धरलं. उबदार होती. मानेला झोपेचा वास होता. तिने माझा कान ओढला, ती ओढते तसा. तिला कडेवर घेऊनच मी एका हाताने स्क्रीनशॉटचं बटण दाबलं.

उजव्या अर्ध्यात निळं स्टूल होतं. त्याच्यावर ती बसली होती. गुडघे जुळलेले, एक हात मांडीत. इकडे बघत होती. दुसरा हात वर होता, बोटं अर्धी मिटलेली. निरोप देताना हलवतात तसा. बोलावतानाही तसाच हलवतात.

ओठ थोडे उघडे होते.

मी पुन्हा बटण दाबलं. या वेळचं चित्र अर्धंच आलं. माझ्या खिडक्या, सोफा, सावली. त्याच्या उजवीकडे काही नव्हतं. सेटिंगमध्ये एकच चौकट उरली होती, आणि तिच्यावर आकडासुद्धा नव्हता.

सगळ्यांना आनंद झाला. भाऊजी म्हणाले, "बघा! असली दुखणी आपोआपच जातात. यांच्या फार मागे लागायचं नसतं." बाबा सुट्टी काढून आला, ती धावत जाऊन त्याच्या पायाला बिलगली, आणि तो तिला घेऊन खोलीभर नाचला. "माझी भिंगरी परत आली," तो म्हणाला. मी स्वयंपाकघरात जाऊन नळ मोठा सोडला.

काकूंच्या दारातून निघताना मी म्हटलं, "येते म्हण." ती काकूंकडे बघून हात हलवत म्हणाली, "आले." काकू पदराने डोळे पुसेपर्यंत हसल्या. "अगं, निघालीस ना तू? मग आले काय, येते म्हणायचं!" तिने मान हलवली. "आले." आता ती दर वेळी तेच म्हणते. लहान मुलांचे काळ चुकतात, असं सगळे म्हणतात.

मी तिला न्हाऊ घालताना बघते. कानामागचा तीळ जिथल्या तिथे. मागे कधी तिला कपाटाचा कोपरा लागला होता त्याचा छोटा वण, डाव्याच भुवईत. आरशातल्यासारखं उलटं काही असतं तर बरं झालं असतं. उलटं काही नाही. ती जेवते, माझ्या ताटातलं ओढून घेते, माझ्या पोटावर पाय टाकून झोपते. भीती वाटली की माझ्याकडेच पळत येते. हिला मांडीवरून कशी उतरवू? हिचा काय दोष? ताप आला तर मी हिच्याच उशाशी बसणार आहे. फक्त हिला थोपटताना मनात येतं, तिथे थोपटायला कोण आहे.

जुने स्क्रीनशॉट मी जपून ठेवले होते. ते आता उघडले की अर्धेच उघडतात. भाऊजींना पाठवलेला तोही, त्यांच्या फोनमध्ये.

मी त्यांना जुना अडॅप्टर परत आणायला सांगितला. पहिला, तोच.

"काय वहिनी, तो दोन नंबर आधी जावा म्हणून जीव काढलात, आता यावा म्हणून?" ते हसले. मग माझ्याकडे पाहून हसायचे थांबले. अडॅप्टर लावून दिला. वायर इकडची तिकडे करून बघितली, जुना ड्रायव्हर शोधून घातला, कार्ड काढून पुन्हा बसवलं. मी जे सांगेन ते एकदाही का न विचारता करत राहिले. शेवटी हात पुसत हळूच म्हणाले, "वहिनी, नसलेला स्क्रीन कसा जोडू? सांगा ना. जमत असतं तर जोडला असता."

काम मी वेळेवर देते आता. मशीन झकास चालतं. ती दुपारी झोपली की मी आधी सेटिंग उघडते आणि डिटेक्टचं बटण दाबते. एक छोटं चक्र फिरतं, आणि मशीन सांगतं की दुसरा डिस्प्ले सापडला नाही. मी पुन्हा दाबते. मग बाण उजव्या कडेला नेते आणि ढकलत राहते. तो कडेला टेकून थांबतो. पुढे जात नाही. त्या मोकळ्या जागेकडे तोंड करून मी अगदी हळू म्हणते, "ये. ये ना गं." माझा आवाज भिंतीवर आपटून परत येतो.

काल असंच चाललं होतं. ती कधी उठली, कळलं नाही. आवाज न करता आली, माझ्या मांडीवर चढली, पाठ माझ्या छातीला टेकवून बसली. स्क्रीनकडे बघितलं. मग तिने आपला एवढासा तळवा माझ्या हातावर ठेवला आणि माउस उजवीकडून काढून डावीकडे आणला. हळूच, न रागावता. लहान मूल गरम भांड्याला हात लावायला जातं, तेव्हा आपण त्याचा हात बाजूला करतो ना, तसा.